खैरीचा आकडा

प्रत्येक गावाचा एक आकडा होता आणि तो गावानेच ठरवलेला होता. सरकारने एकदा तरी गावाला विचारून काही केलं, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं भरपूर कौतुक केलं होतं. उज्ज्वला काळमेघला मात्र त्या कौतुकाचा मनस्वी कंटाळा आला होता. आकडा ठरवायचा गावाने आणि पाळायचा तिने, अशी ती वाटणी होती.

नागपूरच्या वादळ केंद्रात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आडनाव काळमेघ आणि काम ढगांचं, त्यामुळे नवा येणारा प्रत्येक साहेब पहिल्याच दिवशी तोच विनोद करायचा आणि ती दर वेळी तेवढंच हसायची. निवृत्ती जवळ आली होती. एप्रिल-मे कसेबसे काढायचे, मग पावसाळा. पावसाळ्यातले ढग बिचारे सरळमार्गी असतात, येतात, पडतात आणि जातात. खरा जीव खायचा तो उन्हाळ्यातला ढग.

जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर, 'तडित' नावाचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत होता. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी उभा असल्यासारखा. दर अर्ध्या मिनिटाला तो विदर्भावरच्या ढगांचा फोटो काढायचा, आणि ढगाच्या पोटात चमकलेली प्रत्येक वीज भर उन्हातसुद्धा टिपायचा. उन्हाळ्यातला वादळी ढग वर वर चढत जातो आणि शेवटी अशा थराला टेकतो, की जिथून पुढे हवा थंड व्हायचं सोडून उलट गरम होऊ लागते. तिथे ढगाची वाढ खुंटते आणि तो लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. शहाणे ढग एवढ्यावर थांबतात. पण एखाद्याच्या आतला वर चढणारा झोत इतका दांडगा असतो, की तो ते छत फोडून वर घुमट काढतो. त्याच सुमाराला विजांची संख्या एकदम उसळते, कारण तोच झोत गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटत असतो आणि त्या आपटण्यातूनच वीज साठते. घुमट टिकला, विजा उसळल्या आणि माथ्यावरचा ढग गोल फिरू लागला, की समजायचं, आत काहीतरी पिळलं जातंय.

त्या पिळाचं टोक कधी कधी खाली जमिनीपर्यंत येतं. केंद्राच्या कागदांवर त्याला घूर्णवात, म्हणजे टॉर्नेडो, म्हणत. गावात त्याला सोंड म्हणायचे, आणि ते नाव जास्त बरोबर होतं. पूर्वी असलं काही बंगालकडे होतं म्हणून ऐकायचं. विदर्भात होती ती धुळीची वावटळ, पोरं तिच्यात मुद्दाम शिरायची. आता उन्हाळे असे झाले होते, की सोंड दर वर्षी कुठे ना कुठे उतरायचीच.

अडचण अशी होती, की उपग्रहाला ढगाची टाळू दिसते, पाय दिसत नाहीत. रडारला ढगाचं पोट दिसतं, पण लांबच्या गावांवर पोचेपर्यंत त्याचा किरणही उंच गेलेला असतो. सोंड जमिनीला टेकणार की हवेतच विरणार, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून संगणक आजवरच्या हजारो ढगांच्या अनुभवावरून प्रत्येक गावापुरती शक्यता काढायचा. चाळीस टक्के म्हणजे असे दहा ढग आले तर चार सोंड टेकवतील आणि सहा नुसतेच गुरगुरून जातील. लोकांना शक्यता कळत नाही, असं साहेब लोकांचं म्हणणं होतं. उज्ज्वलाचा अनुभव उलटा होता. लोकांना ती चांगली कळत होती. दहातल्या सहा वेळा हातातलं काम टाकून शाळेच्या स्लॅबखाली उकडत बसायचं, हे त्यांना नीट कळत होतं.

म्हणून आकडे आले. गावाने ग्रामसभेत ठरवायचं, आमचा भोंगा कितीवर वाजवा. कोणी तीस ठेवला, कोणी पन्नास. शक्यता त्या आकड्याला पोचली की गावातला भोंगा आपोआप वाजायचा. खाली असली की वाजायचा नाही. गावात तो हाताने वाजवता यायचा, केंद्रातल्या माणसाला मात्र यायचा नाही. आधी यायचा. तो अधिकार काढून घेतला, त्याला कारण उज्ज्वलाच झाली होती.

गोष्ट मागच्या वर्षीची. बेलगव्हाणला तिच्या मोठ्या भावाच्या, दिगंबरच्या मुलीचं लग्न होतं. वेदिका एकुलती एक, त्यामुळे दिगंबरने हात आखडता घेतला नव्हता. शाळेच्या मैदानात मांडव, वऱ्हाडासाठी कूलर, पंगतीला तीन गोड पदार्थ. उज्ज्वलाला रजा मिळाली नव्हती. लग्नाच्या दिवसांत वादळं येतात आणि वादळांच्या दिवसांत तिला रजा मिळत नाही, हे घरच्यांना एव्हाना पाठ झालं होतं. ती केंद्रात बसलेली असताना बेलगव्हाणच्या नैर्ऋत्येला एका ढगाने घुमट काढला. शक्यता चाळीसच्या आसपास होती. तिने सरसकट इशारा दिला, आजूबाजूच्या सगळ्या गावांना.

ऐन मंगलाष्टकांत भोंगा वाजला. नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड शाळेच्या चार खोल्यांत कोंबलं गेलं. घामाने मुंडावळ्या ओल्या झाल्या, मुहूर्त गेला, धुळीने पंगतीची माती झाली, आणि सोंड काही आली नाही. चार थेंब पडले आणि लख्ख ऊन पडलं. वरपक्ष रुसला तो रुसलाच. नवऱ्याचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "मुलीच्या आत्यानं चांगलं हवामान पाठवलं!"

तक्रारी वरपर्यंत गेल्या आणि भोंगा वाजवायचा केंद्राचा अधिकार गेला. दिगंबर बेलगव्हाणचा उपसरपंच होता. पुढच्या ग्रामसभेत आकड्याचा विषय निघाला तेव्हा त्याने उठून सांगितलं, "सत्तर ठेवा. त्याच्या खाली आमाले उठवू नका." सगळ्यांनी हात वर केले. त्या वर्षी उज्ज्वला भाऊबिजेला गेली नाही, आणि त्यानेही बोलावलं नाही. सख्खी भावंडं एकदा बोलायची थांबली, की मग न बोलण्याचीही सवय होते. दोघांनाही ती झाली होती.

या एप्रिलात वहिनीचा फोन आला. वेदिका बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, बारसं होतं.

"या असं म्हणत नाही, बाई," वहिनी हळूच म्हणाली, "हे घरात असतात. पण तुम्हाले माहीत असावं म्हणून सांगते."

"मांडव घालताय का?" उज्ज्वलाने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. नातीचं नाव काय ठेवणार, हे विचारायचं सोडून ती मांडवावर आली होती.

"दारापुढं, छोटाच," वहिनी म्हणाली.

बारशाच्या दिवशी ती केंद्रात होती. शेजारच्या खुर्चीत तौफिक पठाण, अमरावतीचा, हुशार आणि अजून न थकलेला. दुपार कलली तशी वर्धेच्या बाजूला ऐरण पसरू लागली. त्या दिवशी आकाशात तसे चार-पाच ढग होते, पण याची चाल वेगळी होती. बाकीचे वाऱ्याबरोबर चालले होते. हा त्यांना सोडून उजवीकडे वळला होता. गोल फिरणारा ढग असाच कळपातून फुटतो.

"मॅडम, चहा थंड होऊन राहिला," तौफिक म्हणाला.

ती पडद्याकडे सरकली. ढगाच्या माथ्यावर घुमट आला होता. दर अर्ध्या मिनिटाला नवं चित्र येत होतं आणि घुमट जागच्या जागी होता. घुमटामागून बर्फाच्या धुराचा एक पट्टा निघाला होता, चुलीच्या धुराड्यातून निघतो तसा. विजांचा आलेख आधी रांगत होता, तो उभा राहिला. पडद्यावर गावांची नावं आणि त्यांच्यापुढे शक्यता उमटू लागली. ढगाच्या वाटेवर दोनच गावं होती, एकमेकांना लागून, मधे फक्त एक नाला. बेलगव्हाण आणि खैरी.

बेलगव्हाण अठ्ठेचाळीस. खैरी बावन्न.

बेलगव्हाणचा आकडा सत्तर होता. खैरीचा साठ. दोन्ही गावांचे भोंगे गप्प होते, आणि नियमाप्रमाणे ते तसेच राहायला हवे होते.

उज्ज्वलाला मांडव दिसला. दारापुढचा, छोटाच, चार बांबू आणि वर कापड. पाळणा टांगलेला, भोवती बायका. तिने केंद्राचा फोन घेतला नाही. पर्समधून स्वतःचा काढला आणि भावाला लावला.

"बोल," दिगंबर म्हणाला. वर्षभरानंतरचा पहिला शब्द. मागे बायकांचं पाळणा म्हणणं ऐकू येत होतं.

"भाऊ, हातानं भोंगा वाजव. सगळ्यांना शाळेत ने. आत्ताच्या आत्ता."

"तो आपोआप वाजते ना? वाजला नाई."

"तू वाजव म्हणते ना मी."

मग त्याने विचारलं, "किती आहे?"

तिला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. अठ्ठेचाळीस सांगितलं असतं, तर तो फोन ठेवून परत पाळण्यापाशी गेला असता. मागच्या वर्षीचं हसं त्याने एकदा सोसलं होतं.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "आणि चढून राहिलाय, भाऊ. सत्तरची वाट पाहू नको."

"अडुसष्ट?" त्याचा आवाज बदलला. "थांब." फोन तसाच चालू राहिला. चपलांचा आवाज आला, कोणाला तरी ओरडून हाक मारल्याचा आला, आणि थोड्या वेळाने लांबून भोंगा ऐकू आला. पाळणा थांबला होता. वेदिका कोणाला तरी म्हणत होती, बाळाला इकडे द्या. मग फोन बंद झाला.

उज्ज्वलाने श्वास सोडला. किती तरी दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं तिला वाटलं. तिने थंड झालेला चहा उचलून पिऊन टाकला.

तौफिकने सगळं ऐकलं होतं आणि आपण ऐकलं नाही असा चेहरा केला होता. थोड्या वेळाने तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, खैरी बावन्न आहे."

"हो, दिसतंय."

"त्यांचा साठ आहे."

"हो," ती म्हणाली.

तौफिक पुन्हा पडद्याकडे वळला. तो नवा होता आणि ती मोठी होती. खैरीच्या सरपंचांचा नंबर समोरच्याच यंत्रात होता, एक बटण दाबलं की लागला असता. तिने मुद्दाम लावला नाही असं नव्हतं. तिला ते सुचलंच नाही. बहीण म्हणून बोलून झाल्यावर ती पुन्हा अधिकारी झाली होती, आणि अधिकाऱ्याला साठच्या आत काही करायचं नव्हतं.

मग घुमट खचला. अर्ध्या मिनिटापूर्वी होता, पुढच्या चित्रात बसलेला दिसला.

"शांत झालं वाटते," तौफिक म्हणाला.

घुमट खचण्याचे दोन अर्थ होतात. एक तर ढगाचा दम संपला. नाहीतर वर चढणारा झोत क्षणभर गुदमरला आणि पीळ खाली उतरला. कोणता अर्थ खरा, हे वरून कळत नाही. खैरीची शक्यता पंचावन्न झाली, अठ्ठावन्न झाली. ती साठला पोचली आणि यंत्राने नियमाप्रमाणे भोंग्याला हुकूम सोडला, तेव्हा खैरीत भोंग्याचा खांबच उभा नव्हता.

बेलगव्हाणात बोरांएवढ्या गारा पडल्या. मांडवाचं कापड उडून लिंबाला अडकलं. पाळण्याची दोरीही तुटली नाही. माणसं शाळेतून बाहेर आली आणि नाल्यापलीकडे पाहत उभी राहिली.

खैरीत दोघं गेली. एक ट्रॅक्टरवाला, परगावचा, कडुनिंबाखाली थांबलेला. दुसरी कौसल्या टेकाम. ढग आला म्हणून ती वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला अंगणात गेली होती, आणि पलीकडच्या गोठ्याचे पत्रे उडून आले. वीस-बावीस घरांची छपरं गेली. सोंड गावाच्या एका कडेने शिरली आणि दुसऱ्या कडेने निघून गेली. मधल्या रस्त्यावरचं पिठाच्या गिरणीचं घर तसंच्या तसं होतं, आतला दिवासुद्धा जळत होता.

चौकशी झाली. चौकशीत केंद्राचा काहीच दोष निघाला नाही. खैरीचा आकडा साठ, इशाऱ्याच्या वेळी शक्यता साठ, यंत्राने काम चोख केलं. संचालकांनी उज्ज्वलाला बोलावून समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका, मॅडम. गावाचा आकडा, गावाचा निर्णय." ती हो म्हणाली. तिच्या पर्समधल्या फोनबद्दल कोणी विचारलं नाही, कारण तो केंद्राचा नव्हता.

पुढच्या रविवारी दिगंबर तिच्या घरी आला. न सांगता आला, हातात बारशाच्या लाडवांचा डबा घेऊन. एक वर्ष तो या घराची पायरी चढला नव्हता. आता चढला आणि नेहमीच्या खुर्चीत बसून नेहमीसारखा पंख्याकडे बघू लागला. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि पाणी आणायला आत गेली.

"पोरीचं नाव मेघना ठेवलं," तो आतल्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला. "वेदिकाचा हट्ट. आत्याच्या ढगावरून काहीतरी ठेवाचं म्हणे. मी म्हटलं ठेव."

ती पाणी घेऊन बाहेर आली. तो पुढे म्हणाला, "अन् गावानं ठराव केला आहे. तुझा सत्कार कराचा. शाल, श्रीफळ. साऱ्यांचं म्हणणं पडलं, आपल्या लेकीनं गाव वाचवलं. मागच्या वर्षी जे बोलले, तेच पुढं होते सगळ्यात."

"गाव वाचलं ते सोंड वळली म्हणून, भाऊ. मी वाचवलं नाही."

"वळली ते नंतर. तू आधी सांगितलं. अडुसष्ट म्हणाली तू." त्याने पाणी प्यायलं आणि पेला खाली ठेवला. "मले एक समजलं नाई पण. खैरीचा साठ होता. आपल्याकडं अडुसष्ट होतं, तं खैरीत साठच्या खाली कसं? नाला उडी मारून जाता येते एवढा आहे."

दिगंबर फार शिकलेला नव्हता, पण हिशेबाला कच्चाही नव्हता. तो आठवडाभर यावर विचार करत असणार, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. सत्काराचं त्याने आधी सांगितलं ते मुद्दाम. तिने आता काहीतरी सांगावं आणि ते पटावं, अशी त्याची इच्छा होती.

ती इतकी थकली होती, की दुसरं खोटं तिला सुचलंही नसतं.

"अडुसष्ट नव्हतं," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस होतं."

"अन् खैरी?"

"बावन्न."

दिगंबर पंख्याकडे बघायचा थांबला. "म्हणजे त्याईचं जास्त होतं."

"हो."

"तू त्याईले फोन केला?"

"नाही."

"काहून?"

"तुझ्याशी बोलले, आणि वाटलं झालं." ती म्हणाली. "भाऊ, खरं सांगते, मला आठवलंच नाही ते."

त्याने पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "कौसल्यावहिनी आमच्याकडं बारशाले येणार होती. कुरडया झाल्या की येते म्हणे. नवरा तिचा, रामदासभाऊ, यष्टीत कंडक्टर होता, लग्नाच्या पाहुण्याईले गाडीत जागा धरून देत जाय." त्याने डोळे पुसले नाहीत, पण आवाज फाटला. "त्या घरी मी खांदा देऊन आलो, उज्जू. रामदासभाऊ मले म्हणे, तुमच्या गावाची बहीण होती म्हणून वाचलं तुमचं. मी मान हलवली. मले वाटलं यंत्रानं त्याईचं कमी दाखवलं असन."

"तू माझ्यावर चिडलायस."

"तुह्यावर चिडू का कोणावर चिडू?" तो उठला. "माही नात वाचावी म्हणून तू खोटं बोलली. मी तुले काय म्हणू? बोलली नसती अन् काई झालं असतं, तरी मी तुलेच बोललो असतो." चपला घालताना तो थांबला. "सत्कार मी नाई म्हणून सांगतो. अन् रामदासभाऊले जे खरं आहे ते सांगतो. माह्यानं त्याच्या दारावरून आता तसंच जाववत नाई."

चहा ठेवते म्हणायला तिचं तोंड उघडलं, पण तोवर तो पायऱ्या उतरला होता. लाडवांचा डबा टेबलावर राहिला. तिने तो उघडला नाही.

खैरीची ग्रामसभा पुढच्या आठवड्यात भरणार होती, नवा आकडा ठरवायला. केंद्रातून कोणीतरी जाऊन समजावून सांगावं असं पत्र आलं होतं. अशा कामाला आता तौफिकला पाठवायची पद्धत होती. उज्ज्वला म्हणाली, मी जाते. तौफिकने तिच्याकडे पाहिलं आणि गाडीची व्यवस्था करून दिली.

शाळेत छपरं गेलेली कुटुंबं राहत होती म्हणून सभा पिंपळाखाली होती. तिला वाटलं होतं, लोक ओरडतील. अंगावर येतील. ती त्याच तयारीने गेली होती आणि मनातून तिला ते हवंही होतं. पण तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. एका बाईने पाणी आणून दिलं. कोणीतरी तिच्या डोक्यावरचं ऊन बघून खुर्ची सावलीत सरकवली. सगळ्यांना सगळं माहीत होतं, दिगंबर स्वतः येऊन सांगून गेला होता. कोणी तो विषय काढला नाही. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिने उभं राहून जे सांगायचं ते सांगितलं. घुमट काय, विजांची उसळी काय, आणि वरून काय दिसत नाही. आकडा खाली ठेवला तर भोंगा वारंवार वाजेल आणि बऱ्याचदा काहीच होणार नाही. वर ठेवला तर कमी वाजेल, पण एखाद्या दिवशी वाजायला उशीर होईल. ही वाक्यं तिने शंभर गावांत म्हटली होती. आज ती म्हणताना ती दोनदा अडखळली.

चर्चा सुरू झाली. तरणी पोरं म्हणाली, दहा ठेवा. कोणी म्हणालं, दहावर रोजच वाजेल, मग मजूर कोण येईल, गिरणी कशी चालेल, लग्नं कशी होतील. एक म्हातारी म्हणाली, रोज वाजू द्या, मी अशीही घरीच असते. लोक थोडे हसले. सरपंच होती एक तरुण बाई, सुवर्णा नावाची, ठरावाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. पंचवीस, तीस, वीस, असे आकडे तिच्याकडे येत होते आणि तिला काही एकमत होताना दिसत नव्हतं.

मागच्या बाजूला रामदास टेकाम बसला होता. डोक्याचे केस काढलेले, पांढरा सदरा. तो उठला तशी सभा गप्प झाली. उज्ज्वलाने पदर सारखा केला आणि ती उभी राहिली. आता येईल ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं.

त्याने हात जोडले. त्याचा आवाज गाडीत तिकीट विचारणाऱ्या माणसाचा होता, मोठा आणि सौम्य.

"मॅडम, दिगंबरभाऊनं मले सारं सांगितलं. माह्यी बहीण असती त्या जागी तं तिनंबी हेच केलं असतं, म्हणून त्याच्यावर मी काई बोलत नाई." त्याने जोडलेले हात खाली घेतले. "मले एकच इचाराचं आहे. बेलगव्हाणात तुमचं घर आहे. त्याईचा आकडा सत्तर असला काय अन् नव्वद असला काय, त्याईले फोन येते. आमच्या गावात तुमचं कोणी नाई. तं मंग आमी आकडा किती ठेवाचा?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ते हवं होतं. सुवर्णाने पेन उघडलं आणि सगळी सभा उज्ज्वलाच्या तोंडाकडे बघू लागली.